जुन्या पद्मिनीचं इंजिन जागं करायचंय? आधी पाना खाली ठेवा

मामाची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी ठाण्यात चरईतल्या जुन्या बिल्डिंगमागे पत्र्याच्या शेडखाली अकरा वर्षं उभी होती, आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली नसती तर अजून अकरा वर्षं तशीच राहिली असती. बिल्डरने रिकामं करायची तारीख दिली, मामी म्हणाली भंगारवाल्याला बोलवा, आणि मी मध्ये पडले. तेव्हा गाडीतलं मला एवढंच कळत होतं की पेट्रोल कुठून भरतात. पुढचं दीड वर्ष शनिवार-रविवार वागळे इस्टेटमधल्या एका ओळखीच्या गाळ्यात गेले, आता गाडी चालते, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं की आमच्याकडेपण आजोबांची फियाट पडून आहे, कुठून सुरू करू. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

शिकायला हे इंजिन फार चांगलं. ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघायला लागली, मग प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी, पण नाव बदललं तरी बोनेटखाली तेच, १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोक. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व हलवणारा दांडा) खाली ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व वर, मधे पुशरॉड. एकही सेन्सर नाही. म्हणजे जे बिघडलंय ते डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं नाहीतर मोजता येतं. तुमच्याकडे अँबॅसेडर किंवा जुनी जीप असेल तरी पद्धत हीच, फक्त टॅपेटचं गॅप (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट), पॉइंटचं गॅप (पॉइंट म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा स्विच), टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचे) हे आकडे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधले घ्या, शेजारच्या काकांच्या आठवणीतले नाही.

गाडीला हात लावायच्या आधी कागद बघा. हे कंटाळवाणं आहे पण मी एकाला ओळखते ज्याने इंजिन, रंग, सीट सगळं केलं आणि मग कळलं की आरसी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या वारसांचीच सही मिळत नाही. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं आणि मग दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ठाण्याचा एमएच ०४ नंबर असेल तर ठाणे आरटीओ, नवी मुंबईचा एमएच ४३ असेल तर तिथला आरटीओ. आणि "व्हिंटेज" हा शब्द जपून वापरा, २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीलाच व्हीए सिरीजचा नंबर मिळतो आणि ती गाडी मग रोज ऑफिसला नेता येत नाही. आपली ८४ ची पद्मिनी कायद्याने नुसतीच जुनी.

सेल्फ मारू नका

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नवी बॅटरी आणायची, जोडायची, चावी फिरवायची, घरातले सगळे भोवती उभे, कोणीतरी व्हिडिओ काढतंय. अकरा वर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असू शकतात, सेल्फने झटका दिला की रिंग तुटते आणि फुकटात होणारं काम मोठ्या खर्चाचं होतं.

आधी चारी प्लग काढा. पण प्लग काढायच्या आधी त्याच्या खळग्यातली धूळ हवा मारून उडवा, नाहीतर तो कचरा सरळ आत. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा (मी एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि थोडं डिझेल मिसळून घातलं), आणि विसरून जा. चार दिवस, आठ दिवस. तोपर्यंत बाकीची कामं उरका, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर आहे का बघा (माझ्याकडे होतं, त्यात मामाच्या एलआयसीच्या पावतीचे तुकडेपण होते), वायरी कुरतडल्यात का बघा, जुनं ऑइल काढून टाका. ऑइल दुधाळ कॉफीसारखं निघालं तर आत पाणी गेलंय हे लक्षात ठेवा, पण लगेच घाबरू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही थोडं असं होतं. ऑइल फिल्टर असेल तर तोही बदला आणि नवीन २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरा. महागडं पातळ सिंथेटिक नको. या इंजिनाचे टॅपेट सपाट बुडाचे, कॅमवर घासत चालणारे, त्यांना झिंक जास्त असलेलं जाड ऑइल लागतं.

मग क्रँकच्या पुलीच्या नटवर मोठा पाना लावून हळूच, समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवायला बघा. नाही फिरलं तर ताकद लावू नका, अजून तेल, अजून दिवस. पाइप लावून लटकायचं नाही. आमचं सहाव्या दिवशी एक सेंटिमीटर हललं आणि अडकलं, मग थोडं मागे, थोडं पुढे, असं करत करत तासाभराने पूर्ण फेरा फिरला, तेव्हा गाळ्यातल्या सगळ्यांना मी चहा पाजला.

पहिल्यांदा चालू करताना

जुन्या टाकीतलं पेट्रोल वापरू नका, ते पेट्रोल राहिलेलंच नसतं, वार्निशसारखा वास येतो. टाकी काढून धुवायला वेळ लागतो तोपर्यंत एसी पंपाची (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप) येणारी नळी एका स्वच्छ कॅनमध्ये सोडा. रबरी नळ्या मात्र सगळ्या नव्या टाका, आणि दुकानात मागताना स्पष्ट सांगा की इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालणारी नळी द्या. आता पंपावर जे इ२० मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे आणि ते जुन्या रबराला खातं, एसी पंपाचा डायाफ्राम आणि कार्बोरेटरच्या आतलं रबरपण त्यातच आलं. मी पैसे वाचवायला एक नळी जुनी ठेवली होती, वरून चांगली दिसत होती, तीन आठवड्यांत मऊ होऊन गरम मॅनिफोल्डच्या वर ठिबकायला लागली. नशीब, वास आला. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा, ही सूचना मी गंमत म्हणून देत नाहीये.

प्लग बाहेर असतानाच (कॉइलची वायर काढून ठेवा) सेल्फ थोडा थोडा मारून ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझू द्या, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचलं. मग प्लग लावा, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, चोक ओढा आणि चालू करा. धूर भयंकर येतो, सिलिंडरमध्ये घातलेलं तेल जळतंय ते. गाळ्यात केलं म्हणून बरं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल तर सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नाहीतर पुढचं सगळं काम ग्रुपवर भांडत करावं लागेल.

आता मोजा

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चाललं, तापलं, धूर कमी झाला की कॉम्प्रेशन गेज लावा. यासाठी गेज विकत घ्या, उसनं नको, हेच एक हत्यार तुमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवणार आहे. चारी प्लग काढा, कॉइलची वायर काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा (हे सगळे विसरतात आणि मग आकडा कमी येतो), आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच पाच-सहा फेरे.

आमचे आकडे आले ११८, १२१, ६४, ११५ पीएसआय. चारी आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असावेत, नुसते मोठे असून उपयोग नाही. तिसऱ्यात भोक पडल्यासारखं होतं. मग त्या तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं, ६८ आलं. आता याचा अर्थ असा, रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा बराच वर गेला असता, तो गेला नाही, म्हणजे बहुतेक हवा वरून व्हॉल्वमधून पळतेय. म्हणजे फक्त हेड उघडायचं, खालचं इंजिन तसंच राहू द्यायचं.

आणि हे मुद्दाम सांगते कारण पहिल्या गॅरेजवाल्याने नुसता धूर बघून "फुल इंजिन काम, बोअर, पिस्टन, क्रँक सगळं" असा अंदाज दिला होता. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, काही गाड्यांना खरंच लागतं. पण मोजल्याशिवाय कोणालाच कळत नाही, त्यालाही आणि मलाही.

हेड

हेड गार इंजिनावरच उघडायचं, बोल्ट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे सैल करत. पुशरॉड ज्या जागेवरून निघाला त्याच जागेवर परत गेला पाहिजे, कारण तो आणि टॅपेट एकमेकांसोबत झिजलेले असतात. मी मिठाईच्या रिकाम्या बॉक्सला आठ भोकं पाडून १ ते ८ लिहिलं आणि त्यात उभे खोचले. फोटो प्रत्येक गोष्टीचा काढा, काढायच्या आधी, नंतर नाही.

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व काढला तर कडेला नखाएवढा तुकडा जळून गेलेला, उंदराने कुरतडलेल्या बिस्किटासारखा. हे का होतं, तर टॅपेटचं गॅप कमी असलं की व्हॉल्व गरम होऊन लांबतो आणि सीटवर पूर्ण बसतच नाही, आणि व्हॉल्वची उष्णता बाहेर जायला सीट हाच मुख्य रस्ता असतो, तो बंद झाला की व्हॉल्व जळतो. मामा नेहमी सांगायचा की टॅपेटचा टकटक आवाज त्याला आवडत नाही म्हणून तो घट्ट करून घ्यायचा. थोडी टकटक असू द्या.

व्हॉल्व ग्राइंडिंग घरी करता येतं आणि मला या अख्ख्या कामात हेच सगळ्यात आवडलं. व्हॉल्वच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, रबरी कपवाली काडी चिकटवायची आणि दोन तळहातांत धरून ताक घुसळताना रवी फिरवतो तसं मागे-पुढे फिरवायचं, मधे मधे उचलून जागा बदलायची. सुरुवातीला खरखर वाळूसारखा आवाज येतो, मग हळूहळू तो मऊ होतो, मऊ झाला की पुसून बघायचं. सीटवर आणि व्हॉल्ववर सलग राखाडी रिंग दिसली पाहिजे, कुठे तुटलेली नको. मग व्हॉल्व बसवून प्लगसकट हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये पेट्रोल ओतायचं, आणि पोर्टमध्ये ओल येते का बघायचं. पेस्टचा कण इंजिनात राहिला तर तो तिथेही ग्राइंडिंगच करेल, तेव्हा दोनदा धुवा. सीट खूप खोल गेली असेल तर नवी बसवून घ्या आणि कडक सीट मागा, कारण २००० सालापासून आपल्याकडे शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं आणि जुन्या सीटना त्या शिशाचं संरक्षण होतं.

हेडच्या तळावर सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खालून फीलर गेज घाला, ०.०५ मिमीची पाती सहज जात असेल तर फेसिंगला (तळ घासून सपाट करायला) द्या. वागळे इस्टेटमध्ये आणि तिकडे रबाळे-तुर्भे एमआयडीसीत लेथवाले भरपूर आहेत पण त्याला सांगा, "दादा, सपाट होईल एवढंच घासा." जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि हेडचं आयुष्य कमी होतं, एकदा गेलेलं अॅल्युमिनियम परत येत नाही. हेड तिथे असताना सिलिंडरच्या वरच्या कडेला नख फिरवून बघा, नख चांगलं अडकलं तर तिथे पायरी पडलीये, म्हणजे बोअरही मोजून घ्या.

बसवताना नवं हेड पॅकिंग, बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. हाताच्या अंदाजाने अजिबात नाही. एकदा तापून पूर्ण गार झालं की परत टॉर्क तपासा.

खालचं काम, म्हणजे बोअर, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, लागलंच तर पहिल्या वेळी कोणा जाणत्याला पुढे करा आणि तुम्ही बाजूला उभे राहून वही घेऊन लिहा. पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. टॅक्सीतल्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यांचे बरेच सुटे भाग अजून फिरतायत. पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी आटोक्यात ठेवणारी छोटी डबी) मात्र नवे म्हणून चांगले असतीलच असं नाही, जुना कंडेन्सर चालत असेल तर फेकू नका, डिकीत ठेवा.

ट्यूनिंग, या क्रमानेच

टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक कार्बोरेटरच्या स्क्रूपासून सुरू करतात कारण तो समोर दिसतो, आणि मग दिवसभर गोल गोल फिरतात.

टॅपेटला पाचाचा हिशोब लक्षात ठेवा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व एकदम हलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचं गॅप सेट करायचं. पहिल्याचे हलले की चौथ्याचं, दुसऱ्याचे हलले की तिसऱ्याचं, बेरीज नेहमी पाच. फीलर गेजची पाती लोण्यातून नाही आणि दगडातूनही नाही, किंचित ओढ लागून सरकली पाहिजे.

पॉइंटचं गॅप टायमिंगच्या आधी का, तर गॅप मोठं केलं की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. आधी टायमिंग लावलंत आणि मग पॉइंट छेडलात तर केलेलं वाया.

टायमिंगला साधा १२ व्होल्टचा बल्ब पुरतो. बल्बची एक वायर डेल्कोच्या (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, चारी प्लगना करंट वाटणारा) पॉइंटवाल्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुली खुणेवर ठेवा, डेल्कोचा बोल्ट सैल करून हळू फिरवा, बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे पॉइंट उघडला, तिथेच घट्ट करा.

आता "कॉम्प्रेशनवर" हा शब्द मी वाचला होता पण मनावर घेतला नव्हता. पिस्टन वर दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, पुलीची खूण दोन्ही वेळा जुळते. मी चुकीच्या फेऱ्यावर डेल्को बसवला. सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फटाक्याच्या माळेसारखे तीन आवाज आणि हातभर ज्वाळ, मी वाकून आत बघत होते, डाव्या भुवईचे केस गेले. गाळ्यातले उस्ताद, ज्यांनी तीस वर्षं टॅक्सी दुरुस्त केल्या, चहाचा कप न ठेवता म्हणाले, "बेटा, अंगूठा लगाया था?" पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हाताने फिरवायचं, हवा अंगठ्याला ढकलते तो कॉम्प्रेशनचा फेरा. दहा सेकंदांचं काम.

कार्बोरेटर खोलून जेट हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. मिक्श्चरचा स्क्रू हलकेच बंद करून दीड फेरा उघडा, इंजिन पूर्ण तापू द्या, आयडलिंग ८०० च्या आसपास ठेवा आणि मग स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत सगळ्यात एकसारखा आवाज येईल तिथे सोडा. काहीच फरक पडत नसेल तर बहुतेक कार्बोरेटरखालच्या पॅकिंगमधून हवा पकडतेय. दहा-बारा किलोमीटर चालवून प्लग काढून बघा, खारीच्या भाजक्या कडेसारखा रंग असेल तर छान, काजळीसारखा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी आणि ते जास्त धोक्याचं. शेवटची खात्री पीयूसी सेंटरवर करा. अशा जुन्या गाडीला सीओची मर्यादा ३ टक्के असते, मशीनचा आकडा बघत बघत त्याच्यासमोरच स्क्रू फिरवू देता का असं गोड बोलून विचारा, गर्दी नसेल तर हो म्हणतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारखेसकट लिहा. माझ्या वहीत एका रविवारी "पॉइंट, कंडेन्सर, जेट तिन्ही बदलले, आता मिसफायर" असं लिहिलंय आणि पुढचे तीन रविवार त्यातलं कुठलं चुकलं हे शोधण्यात गेलेत. कंडेन्सर निघाला, नवा.

पाणी आणि रस्ता

बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड म्हणजे दोन वेगळे धातू, मधे साधं पाणी असलं की अॅल्युमिनियम खात जातं. बोअरवेलचं तर नकोच, घोडबंदरच्या कितीतरी सोसायट्यांत टँकर आणि बोअरवेलच येतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. रेडिएटर उलटा धुवून घ्या, आमच्यातून गंजाचा चिखल निघाला.

पहिले ५०० किलोमीटर खूप रेस नको आणि टॉपच्या गिअरमध्ये रेटणंही नको, ५०० ला ऑइल बदला. ट्रायलसाठी मी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रोडला नेली कारण सिग्नल कमी आणि रस्ता सपाट. पण खरी परीक्षा घोडबंदरला गायमुखच्या चढावर, ट्रकच्या मागे, फर्स्ट गिअर, एप्रिलची दुपार. तिथे आमची दोनदा बंद पडली, इंजिन तापलेलं नव्हतं, एसी पंपातच पेट्रोलची वाफ झाली होती. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळायचे ते यासाठीच, मीपण गुंडाळलं, पाच मिनिटांत चालू. नंतर पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांबून फिरवली तेव्हापासून नाही पडली, तरी बाटलीभर पाणी आणि मामाचा जुना पंचा अजून पुढच्या सीटखाली असतो.

आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, नुसती स्टार्ट करून दोन मिनिटांत बंद करू नका, सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून सडतो.